नवव्या गड्ड्याचं पाणी

मी गोल्फ खेळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या डोंगरदिवे घराण्यात कोणीच खेळलेलं नाही. बडनेरा रोडवरच्या आमच्या सातपुडा गोल्फ क्लबात मी जायचो ते कॅरम खेळायला आणि तिथल्या आलूबोंड्यासाठी. तरीही गेल्या जुलैत मी त्या क्लबाचा गवत सचिव झालो. कारण माझी डॉक्टरेट.

झालं असं की, क्लबाचे अध्यक्ष उत्तमराव माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. उत्तमराव मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून ड्युटीवर आहे.

"डोंगरदिवे, तुम्ही कॉलेजात बॉटनी शिकवता ना?"

"हो साहेब."

"म्हणजे गवताचे डॉक्टर."

"नाही साहेब, माझा प्रबंध शेवाळावर आहे. तळ्यातल्या."

"हिरवंच असतं ना ते? मग झालं तर. लिहून घ्या हो यांचं नाव."

इतक्या साध्या रीतीनं माझ्या आयुष्याचं वाटोळं व्हायला सुरुवात झाली. खोटं कशाला सांगू, घरी जाताना मी थोडा खूशही होतो. कॉलेजात बावीस वर्षं झाली, पण 'सचिव' म्हणून मला कोणी नेमलं नव्हतं.

ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे तेव्हाच्या माझ्यासाठी) सांगतो. मैदानात नऊ ठिकाणी नऊ गड्डे असतात. प्रत्येक गड्ड्याभोवती गवताचा एक मोठा गोल असतो, त्याला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत मखमलीसारखं बारीक कापलेलं असावं लागतं, कारण बॉल त्यावरून घरंगळत गड्ड्यात जायचा असतो. आसपासचे लोक आमच्या क्लबाला नऊ गड्ड्यांचं मैदान म्हणतात, आणि तेच नाव जास्त खरं आहे. यातला नववा गड्डा सगळ्यात खोलगट जागी, क्लबाच्या व्हरांड्यासमोर आहे. त्यामुळे तिथं जे काही घडतं ते भजी खात बसलेल्या वीसपंचवीस सभासदांसमोर घडतं.

हे सगळं गवत चौदा वर्षं सांभाळत होत्या त्या मैनाबाई. मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत वाढलेल्या, बोलायला कमी, हातात कायम खुरपं. त्यांच्या हाताखाली आणखी तिघीजणी. पहिल्याच दिवशी मी त्यांना दोन हुकूम दिले. गवत पिवळं दिसतंय, भरपूर युरिया टाका. आणि आणखी बारीक कापा, अगदी गालिच्यासारखं.

"सर, झडीचे दिवस हायेत," मैनाबाई म्हणाल्या. "इतकं बारीक नोका कापू. गवताच्या अंगावर थोडं राहू द्या."

मी त्यांना पानांतलं हरितद्रव्य आणि सूर्यप्रकाश यावर वीस मिनिटं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मुकाट्यानं गवत कापायला गेल्या. वर्गात इतकं शांतपणे माझं कोणी ऐकत नाही, त्यामुळे मला वाटलं, पटलं असावं.

ऑगस्टात झड लागली. आपल्या वऱ्हाडातली झड म्हणजे मुसळधार वगैरे नाही. ती एखाद्या चिवट पाहुण्यासारखी येते आणि बसते. नऊ दिवस झाले तरी उठेना. बाकी आठ ग्रीन ओले झाले इतकंच, पण नवव्याचं तळं झालं. गड्ड्यातला झेंडा तेवढा पाण्याबाहेर दिसे आणि त्यावर एक बगळा बसे.

एरवी कोणी लक्ष दिलं नसतं. पण पोळ्याच्या अलीकडच्या रविवारी अकोल्याच्या मोर्णाकाठ क्लबाशी आमचा सामना होता. वऱ्हाड चषक सहा वर्षं अकोल्याच्या कपाटात होता. यंदा सामना आमच्या मैदानावर. मैदान खेळण्याजोगं नसेल तर सामना अकोल्यात आणि चषकही, बहुधा कायमचा. त्यात कमिटीत एक ठराव तयारच होता. नागपूरचा कोणी व्यापारी सगळ्या ग्रीनवर प्लास्टिकचं गवत घालून द्यायला बसला होता.

"मग मैनाबाईंचं आणि त्या तिघींचं काय?" मी विचारलं.

"प्लास्टिकला निंदण लागत नाही, डोंगरदिवे," उत्तमराव म्हणाले. "तुमच्यानं पाणी निघत असेल तर काढा. नाहीतर सोमवारी ठराव पास."

आता पाणी काढायचं म्हणजे कसं, हे मला सोडून सगळ्या अमरावतीला माहीत होतं. आमच्या शेजारचे नत्थुजी बडनेऱ्याला रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या कॉलनीला हिरवा-लाल दिवा दाखवण्याचं काम पत्करलं आहे. ते फाटकातूनच म्हणाले, "भुसा टाका न भाऊ. आरामशीनवरचा लाकडाचा भुसा. सारं पाणी पिऊन टाकते."

दोन ट्रॉल्या भुसा टाकला. भुशानं पाणी प्यायलं, हे खरं. पण मग तो पाण्यासकट तिथंच राहिला. नववा ग्रीन उपम्यासारखा दिसू लागला. तिसऱ्या दिवशी त्यातून छत्र्या उगवल्या, पांढऱ्या, टोपीएवढ्या. माझी बायको ललिता शाळेतून येताना मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहून आली.

"अहो, तुम्हाला गवत वाढवायला सांगितलं होतं ना?" तिनं शांतपणे विचारलं. ललिता गणित शिकवते. तिचे प्रश्न नेहमी असेच असतात, उत्तर एकच आणि ते आपल्याला येत नसतं.

मग पंप आणला. डिझेल इंजिन, जाड पाइप, सगळा थाट. पाणी कुंपणाच्या भिंतीपलीकडे फेकायचं ठरलं. इंजिन सुरू झालं तेव्हा व्हरांड्यातून टाळ्या पडल्या. मी पाइपाशेजारी छत्री घेऊन, फोटोत नीट येईल अशा बेतानं उभा राहिलो. दोन तास झाले. पाणी जोरात जात होतं, पण नववा ग्रीन काही कमी होईना. मग तळ्यातून एक निळी चप्पल वाहत पाइपाच्या तोंडाशी आली. मी ती उचलून भिंतीपलीकडे फेकली. थोड्या वेळानं ती गेटातून आत तरंगत आली. मी पुन्हा फेकली. ती दुसऱ्यांदा गेटातून आत आली तेव्हा मला शंका आली. भिंतीमागचा नाला तुंबलेला होता. मी गेले दोन तास पाण्याला क्लबाभोवती प्रदक्षिणा घालायला लावत होतो.

म्हणजे नाला मोकळा व्हायला हवा. नाल्यासाठी मी कार्यालयांत गेलो. कार्यालयांची नावं सांगत नाही, सगळे भले लोक आहेत. पहिल्या ठिकाणी कळलं की नाल्याची अलीकडची बाजू त्यांची नाही. दुसऱ्या ठिकाणी कळलं की पलीकडचीही नाही. म्हणजे नाला होता, पण त्याला बाजू नव्हत्या. तिसऱ्या ठिकाणच्या बाबूंना माझी दया आली.

"सर, तुमी अतिवृष्टीचा फॉर्म भरा," ते म्हणाले. "पाहणीले माणूस येईन, त्याले नाला दाखवून द्या. झालं."

फॉर्मात पहिलाच रकाना, पिकाचं नाव.

"काय लिहू?"

"काय लावलं तुमी?"

"गोल्फ."

बाबूंनी यादी चाळली. "गोल्फ खरीपात नाई. रब्बीत हाय का?"

"अहो, तो खेळ आहे. गवत असतं नुसतं."

"असं सांगा न मग! लिहा, चारा पीक, हिरवा. जनावरं किती?"

"सभासद बत्तीस आहेत."

त्यांनी बत्तीस लिहिलं. मी सही केली. माझी सही प्राध्यापकाची असल्यानं सुवाच्य आहे, हे पुढे फार महागात पडलं.

दोन दिवसांनी कृषी सहायक पायलताई पाहणीला आल्या. रेनकोट, गमबूट, हातात मोबाइल, अतिशय तळमळीची मुलगी. "सर, नऊ ठिकाणी झेंडे लावलेत, डेमो प्लॉट आहे का?" असं विचारून त्यांनी सगळ्या मैदानाचे फोटो काढले. मी नाला दाखवला. त्या म्हणाल्या, या फॉर्मात नाल्याचा रकाना नाही. पण इतका सुंदर चारा पाण्यात सडतोय हे त्यांना बघवेना. "सर, सडण्यापेक्षा जनावरांच्या तोंडी जाऊ दे ना. मी गवळी मंडळींना सांगू का?" माझं सगळं लक्ष नाल्यात. मी म्हणालो, "हो हो, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

बुधवारी सकाळी अकोल्याच्या क्लबाचे अध्यक्ष पियुषशेठ मैदानाच्या पाहणीला आले. तेल्हाऱ्याला त्यांची कापसाची जिनिंग आहे. माणूस गोड बोलणारा, आणि त्याचीच जास्त भीती. व्हरांड्यात उत्तमराव, सगळी कमिटी, चहा. मी सांगत होतो की ओलावा किंचित आहे, रविवारपर्यंत वाळेल. तेवढ्यात गेटातून एक म्हैस आत आली. मागून दुसरी. मागून एक सायकलवाला गवळी आणि आणखी पंचवीस म्हशी. पहिला गड्डा त्यांनी नुसता पाहिला, दुसरा थोडा खाल्ला, आणि नवव्या ग्रीनला मात्र त्यांनी लांबूनच ओळखलं. एकामागून एक त्या त्यात उतरल्या आणि समाधानानं बसल्या.

पियुषशेठनी कप खाली ठेवला.

"उत्तमराव," ते म्हणाले, "तुमची टीम आली वाटते."

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. गवळ्यानं खिशातला मोबाइल काढून पायलताईंचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, "संपर्क, प्राध्यापक डोंगरदिवे." पुढचं मी सांगत नाही. पियुषशेठनी मोठ्या मनानं शनिवारी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. पाच वाजता फोन करतो म्हणाले. त्या मनाचा मोठेपणा मला म्हशींपेक्षा जास्त लागला.

म्हशी गेल्यावर मी क्लबाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसलो. राजीनाम्यात पहिलं वाक्य काय असावं याचा विचार करत होतो. तेवढ्यात मैनाबाईंची हाक आली.

"सर, इकडं या न जी. पाहा हे."

नवव्या ग्रीनवर म्हशींच्या खुरांचे वीतभर खोल खड्डे पडले होते. मैनाबाई वाकून त्यातल्या एकाकडे बोट दाखवत होत्या. आजूबाजूला पाणी तसंच साचलेलं, पण खुराच्या खड्ड्यात ते हळूहळू खाली चाललं होतं. बुडबुडे येत होते. गुडगुड आवाज येत होता. दुसरा खड्डा पाहिला, तिथंही तेच.

"खाली रेती हाय," मैनाबाई म्हणाल्या. "चौदा वर्सांपयले म्या सोताच्या हातानं टाकली. पाणी प्याले ते तयारच हाय. पण वरून झाकण लागलं त्याले." त्यांनी खुरप्यानं गवताच्या बुडातून एक पापुद्रा उचकटला आणि माझ्या तळहातावर ठेवला. काळपट हिरवा, चामड्यासारखा, बुळबुळीत.

मी तो नाकाजवळ नेला. आणि मला ओळख पटली. मी त्याला नावागावासकट ओळखत होतो. याच शेवाळासाठी मी सहा वर्षं काचेच्या बशांवर वाकून बसलो होतो. तेव्हा ते धड वाढत नव्हतं म्हणून मार्गदर्शकांची बोलणी खाल्ली होती. इथं मी त्याला पोत्यानं युरिया घातला, गवत भादरून त्याच्यावर ऊन पाडलं, आणि ते चटईसारखं पसरलं होतं. सबंध विद्यापीठात या विषयावर डॉक्टर झालेला मी एकटा, आणि महिनाभर त्याच्यावरून चालत होतो.

"मैनाबाई," मी म्हणालो, "हे माझ्यामुळं झालं."

"मले माहीत हाय जी," त्या म्हणाल्या. "म्या कोणाले सांगतलं नाई."

माझ्या पदवीला कोणी इतक्या हलक्या हातानं सांभाळून घेतलेलं नव्हतं. मी राजीनामा मनातल्या मनात फाडला आणि विचारलं, "आता काय करायचं?"

"बगिच्यात पाणी थांबलं का आमी चर काढतो. इथं चर नाई चालत, बॉल अडकन. पापुद्रा सारा खरवडून काढू, अन् म्हशीनं केलं तेच करू. सब्बलीनं वीत-वीतभरावर भोकं पाडू, अन् भोकात सुकी रेती भरू. पण रेती सुकीच पायजे."

गुरुवारी सकाळपासून नववा ग्रीन मैनाबाईंच्या ताब्यात गेला. मी कॉलेजातून रजा काढली. रजेच्या अर्जात कारण 'क्षेत्रीय संशोधन' लिहिलं, आणि ते पहिल्यांदाच खरं होतं. आधी भुसा आणि छत्र्या उपसल्या, मग खुरप्यांनी पापुद्रा खरवडला. तिघीजणी आणि मी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन भोकं पाडायला लागलो. सुक्या रेतीचं काय करावं हा प्रश्न होता, कारण सगळ्या जिल्ह्यात सुकी म्हणावी अशी वस्तू उरली नव्हती. तेव्हा नत्थुजी आठवले. त्यांच्या वरच्या मजल्याचं बांधकाम पावसामुळे थांबलं होतं आणि रेतीचा ढीग टिनाच्या शेडखाली ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला होता. मी भीत भीत मागितली.

"काहून पायजे?"

"भुशानं काम झालं नाही नत्थुजी."

त्यांनी ताडपत्रीचं टोक उचलून रेती पाहिली. मग म्हणाले, "घेऊन जा. घराचं काय, पोळ्यानंतर पाहू. पण भुसा कमी टाकला असन तुमी." आणि स्वतः ट्रॉलीवर बसून, गाडीला रस्ता द्या म्हणून शिट्टी वाजवत क्लबापर्यंत आले.

शुक्रवारी दुपारपर्यंत अर्धाच गोल झाला. माझ्या तळहातांना फोड आले. ललिता शाळा सुटल्यावर आली, तिनं ग्रीन डोळ्यांनी मोजला आणि सांगितलं, "या वेगानं सोमवारी संध्याकाळी होईल." मैनाबाईंनी व्हरांड्याकडे पाहिलं. तिथं सभासद बसले होते.

"सर, या सायेब लोकाइच्या जोड्याले खालून खिळे हायेत न?"

गोल्फचे बूट! पाय घसरू नये म्हणून त्यांच्या तळव्याला खिळे असतात. मी व्हरांड्यापाशी जाऊन हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. उत्तमराव हसले नाहीत. ते उठले, रेनकोटची बटणं लावली आणि ग्रीनवर येऊन उभे राहिले. "कसं चालायचं, सांगा," ते मैनाबाईंना म्हणाले. मग उरलेल्यांनाही यावंच लागलं.

तीस वर्षं ज्यांनी परेडची सलामी घेतली, त्या माणसाला परेड करताना मी पाहिलं. पुढे उत्तमराव, मागे एक डॉक्टर, दोन वकील, एक हॉटेलवाले आणि बाकीचे, सगळे पाय आपटत गोल फिरत होते. मधोमध झेंड्याला धरून मैनाबाई उभ्या.

"दाबून जी, दाबून! हे वकीलसायेब नुसते फिरून राहिले. टाचेवर वजन टाका!"

त्यांनी टाकलं. म्हशींचे खड्डे आधीच रेतीनं भरून सपाट केले होते. मोठी भोकं सब्बलीची, बारीक खिळ्यांची, आणि मागून आम्ही रेती झाडूनं आत ढकलत होतो. शनिवारी दुपारीही दोन तास परेड झाली. अध्यक्षांना तर चटकच लागली. ते डोळे मिटूनही सांगत की कुठं चढ आहे, कुठं उतार.

शनिवारी तीन वाजता काम संपलं आणि साडेतीनला आभाळ फुटलं. आम्ही व्हरांड्यात उभे. बघता बघता नवव्यावर पाणी साचलं, झेंडा पाण्यात उभा राहिला. चारला पाऊस थांबला. मैनाबाईंच्या जोडीच्या तिघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना ठरावाचं ठाऊक होतं, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मग मैनाबाईंनी हात वर केला.

"आइका."

गुडगुड. आधी एका ठिकाणी, मग सगळीकडून. शंभर हंड्यांतून पाणी ओतावं तसा आवाज. झेंड्याचं बूड दिसलं. गवताची टोकं दिसली. पाचला दहा कमी असताना नववा ग्रीन रेतीच्या ठिपक्यांसकट वर आला, आणि बगळा बिचारा दोनदा घिरट्या घालून निघून गेला. पाच वाजता फोन वाजला. उत्तमरावांनी तो कानाला लावला, पलीकडचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले, "या."

रविवारी सकाळीही तासभर पाऊस पडला. अकोल्याची मंडळी गमबूट घेऊनच आली होती, ते गाडीत ठेवावे लागले. सामना अटीतटीचा झाला. आठ गड्डे होईपर्यंत बरोबरी, आणि नवव्यावर पियुषशेठ विरुद्ध उत्तमराव. बॉल दोघांचेही ग्रीनवर, गड्डा आठदहा पावलांवर. पियुषशेठनी विचार केला असणार, चार दिवसांपूर्वी जिथं म्हशी बसल्या तिथली जमीन ओली असणार, जरा जोर लावावा. त्यांनी जोर लावला. बॉल खळ्यातल्या ज्वारीच्या दाण्यासारखा सुसाट निघाला, गड्ड्याच्या बाजूनं गेला, ग्रीनच्या पार झाला आणि व्हरांड्याच्या पायरीवर आपटून थांबला.

उत्तमराव पुढे आले. बॉलजवळ उभे राहून त्यांनी तळपायानं जमीन एकदा चाचपली. दोन दिवस ती वीतवीत पायाखालून घातलेली. त्यांनी बॉलला हलकीशी टिचकी दिली. तो उताराला डावीकडे वळला, गड्ड्याच्या काठावर थबकला, आणि आत पडला.

पुढच्या गोंधळात मला नत्थुजींनी उचललं की मी नत्थुजींना, ते आठवत नाही. शिट्टी मात्र बराच वेळ वाजत होती. ललितानं सगळ्यांसमोर माझे फोड आलेले हात धरले, आणि गणित न विचारता नुसती हसली. उत्तमरावांनी प्लास्टिकचा ठराव मागवला, त्याचे चार तुकडे केले आणि मैनाबाईंच्या हातात दिले. "चुलीत घाला," ते म्हणाले. मैनाबाई म्हणाल्या, "गॅस हाय जी घरी." पण कागद त्यांनी पदराला बांधून घेतला.

पियुषशेठ हरले तरी गोडच. चषक देताना म्हणाले, "उत्तमराव, आमच्या अकोल्यात तीन गड्डे पाण्याखाली आहेत. तुमचे गवताचे तज्ज्ञ दोन दिवसांसाठी पाठवता का?" मी कॉलर नीट केली आणि अर्धं पाऊल पुढे आलो. उत्तमरावांनी मला ओलांडून मैनाबाईंकडे बोट केलं. मैनाबाई म्हणाल्या, "येते न. पण गाडी पाठवा. अन् सरलेबी आणीन संगं. शेवाळ कोणतं हाय, ते त्याइलेच वळखू येते."

मंगळवारी अकोल्याची जीप आली. पुढच्या सीटवर मैनाबाई, मागे मी आणि चार सब्बली. क्लबाच्या दारात पियुषशेठ हार घेऊन उभे होते. तो त्यांनी मैनाबाईंना घातला. मैनाबाईंनी तो गळ्यात तसाच ठेवून चपला काढल्या, सरळ पाण्यात उतरल्या, टाच दाबून पाहिली आणि मागे न पाहता हात पसरला.

"सर, सब्बल."

मी पाण्यात उतरलो आणि दिली. पदवी घेतानाही मी इतका ताठ उभा नव्हतो.